नामिबिया स्वतः गाडी चालवत: वाळू, खडी आणि फिश रिव्हरच्या ट्रेकची तयारी

नामिबियाला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी स्कायडायव्हिंगचे आणि सँडबोर्डिंगचे दर काढायला बसतात. ते सगळं तिथे पोहोचून ठरवलं तरी चालतं. आधी ठरवायचा तो रस्ता. देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि २०२३ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली तीस लाखांच्या आसपास. एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. त्यामुळे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं हाच या सहलीतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात धोक्याचा खेळ आहे. विमानातून उडी मारताना पाठीला अनुभवी माणूस बांधलेला असतो, खडीच्या रस्त्यावर स्टिअरिंग तुमच्या हातात असतं. म्हणून या लेखात गाडी आणि रस्त्याला जागा जास्त दिली आहे.

कधी जायचं

आपली मे महिन्याची सुट्टी आणि नामिबियाचा मोसम छान जुळतो. विषुववृत्ताच्या खाली असल्यामुळे तिथे मेमध्ये हिवाळा सुरू होत असतो. पाऊस संपलेला असतो, दिवसा चालता येतं, रात्री स्वेटर लागतो आणि फिश रिव्हर कॅन्यन या खोल दरीतला ट्रेक १ मे रोजी उघडतो. जून ते ऑगस्टमध्ये वाळवंटातली रात्र शून्याच्या जवळ जाते. "वाळवंटात कसली थंडी" म्हणत पातळ स्लीपिंग बॅग नेणारे पहाटे चारला गाडीत हीटर लावून बसलेले दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातली गर्दी असते, कॅम्पसाइट मिळणं अवघड जातं.

दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा मोह टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आतल्या भागात पारा सहज पस्तिशीच्या वर जातो आणि सकाळी नऊनंतर वाळूवर चालवत नाही. जानेवारी ते मार्च पावसाचे. पाऊस थोडाच पडतो, पण कोरड्या नद्यांना अचानक पाणी येतं आणि रस्ता तासन्‌तास बंद होतो.

किनाऱ्याचं हवामान मात्र वेगळंच. बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो, त्यामुळे स्वाकोपमुंडला बहुतेक सकाळी दाट धुकं असतं. वाळवंटात घामाघूम होऊन आलेला माणूस तिथे उतरताच जॅकेट शोधतो.

कागदपत्रं आणि विमा

मुंबईहून थेट विमान नाही. अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे विंडहूक गाठायचं. जोहान्सबर्गमार्गे जाणार असाल तर संपूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढा. दोन वेगळी तिकिटं काढली आणि सामान घ्यायला बाहेर पडावं लागलं, तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीचा नियम तपासावा. थांबा लांबला तर प्रमाणपत्र मागतात आणि परतताना भारतातही विचारणा होऊ शकते. नामिबियाच्या व्हिसाचे नियम अलीकडे बदलले आहेत, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. तिकिटाआधी त्यांच्या गृहखात्याचं संकेतस्थळ पाहा किंवा दिल्लीतल्या उच्चायोगाला विचारा.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढा आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा. दोन चालक असतील तर दोघांची नावं गाडीच्या करारात हवीत.

प्रवास विमा घेताना बहुतेक जण फक्त रक्कम बघतात. तुम्ही वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. आपल्याकडच्या साध्या पॉलिसीत स्कायडायव्हिंग, क्वाड बाइक, दोराच्या मदतीची चढाई हे बहुधा वगळलेलं असतं. दुर्गम भागातून हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी विचारा. अपघात फिश रिव्हरमध्ये झाला तर हा एक कलम लाखमोलाचा ठरतो.

मलेरियाचा धोका मुख्यतः उत्तरेत आणि पावसाळ्यात असतो. एटोशा राष्ट्रीय उद्यान किंवा त्याच्याही वर जाणार असाल तर डॉक्टरांशी बोला. दक्षिणेकडे आणि किनाऱ्यावर ही काळजी फारशी नाही.

गाडी निवडताना

तिथे वाहनं डावीकडूनच चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही. सेडानमध्ये हा देश फिरता येतो असं सांगणारे भेटतील. फिरता येतोही. पण टायर फाटल्यावर जमिनीपासून वीतभर उंच गाडीखाली जॅक लावताना मत बदलतं. चौघांसाठी टपावर तंबू लावलेला डबल कॅबचा फोर बाय फोर पिकअप घ्या. गॅस शेगडी, फ्रिज, खुर्च्या, भांडी त्यात सहसा येतातच.

गाडी ताब्यात घेताना एक तास राखून ठेवा. स्टेपनी दोन हव्यात, आणि दोन्हींत हवा आहे का ते स्वतः दाबून, मोजून बघायचं. जॅक प्रत्यक्ष लावून एक चाक उचलून पाहा. पाना नटांना बसतो का, तेही बघा. हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज मागून घ्या. जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी मागा, कारण वाळूत जॅक वर जाण्याऐवजी खालीच रुततो. चहूबाजूंनी व्हिडिओ काढा. काचेवरचा बारीक टवकाही सुटू देऊ नका.

करारातला महत्त्वाचा मजकूर बारीक अक्षरांत असतो. टायर आणि काचेचं संरक्षण बहुधा वेगळं विकत घ्यावं लागतं, ते घ्याच. दुसऱ्या वाहनाचा संबंध नसताना गाडी उलटली, रात्री चालवताना अपघात झाला किंवा वाळूच्या वादळात रंग खरवडला गेला, तर अनेक कंपन्या हात वर करतात. काही गाड्यांमध्ये वेगाची नोंद ठेवणारं यंत्र असतं. अपघातानंतर आधी ते तपासलं जातं.

खडीवरचं ड्रायव्हिंग

'बी' क्रमांकाचे रस्ते बहुतेक डांबरी, 'सी' आणि 'डी' बहुतेक खडीचे. खडीवर कायद्याने वेग जास्त चालतो, पण ताशी ऐंशी ही स्वतःची मर्यादा ठरवून टाका आणि वळणावर त्याच्याही खाली या. परदेशी पर्यटकांचे गंभीर अपघात प्रामुख्याने इथेच होतात आणि त्यांची गोष्ट साधारण एकच असते: रस्ता सरळ, समोर कुणी नाही, काटा शंभरच्या पुढे. एक चाक कडेच्या सैल खडीत जातं, चालक घाबरून स्टिअरिंग झटक्यात ओढतो आणि गाडी उलटते. चाक कडेला गेलंच तर ब्रेक दाबू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून हळूहळू उचला, स्टिअरिंग सरळ धरा, वेग पडू द्या आणि मग सावकाश मधल्या चाकोरीत या.

खडीवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा तयार होतात. गाडी सगळी खडखडते आणि वेग वाढवला की खडखड कमी वाटते, कारण चाकं लाटांच्या माथ्यांवरून उडत जातात. पकड मात्र त्याच वेळी सुटलेली असते. हे सुख घेऊ नका. टायरमधली हवा थोडी कमी केली तर धक्के कमी बसतात आणि टोकदार दगडाने टायर फाटण्याची शक्यताही घटते. डांबरावर साधारण २.२ बार, खडीवर १.८ ते २, मऊ वाळूत १ ते १.२ असा अंदाज ठेवा. भरलेल्या गाडीचा नेमका आकडा गाडी देणाऱ्याला विचारून डॅशबोर्डवर चिकटवा. वाळूतून बाहेर आलात की परत हवा भरायची. मऊ टायरवर वेगाने पळवलं तर टायर तापून कडेने फुटतो.

समोरून गाडी आली की धुळीचा पडदा उठतो आणि काही सेकंद काहीच दिसत नाही. दिवसाही दिवे लावा, वेग कमी करा आणि धुळीत घुसून ओव्हरटेक अजिबात करू नका.

सूर्य मावळण्याआधी मुक्कामी पोहोचायचं, यात तडजोड नाही. संध्याकाळी कुडू आणि ऑरिक्स रस्त्यावर येतात. कुडू म्हणजे घोड्याच्या उंचीचं हरीण. बॉनेटने पाय उडाले की धड थेट समोरच्या काचेवर येतं. म्हणून नकाशावरचे तास खरे धरू नका. फोनने पाच तास सांगितले तर साडेसहा-सात पकडा. दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर पुरे.

पेट्रोलपंप दिसला की टाकी भरा, अर्धी भरलेली असली तरी. सॉलिटेअर ते वॉल्व्हिस बे या सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटरच्या पट्ट्यात पंप नाही. छोट्या पंपांवर कार्डाची मशीन रुसलेली असते, तेव्हा रोख ठेवा. नामिबियन डॉलरची किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडइतकीच आणि रँडही तिथे सर्रास चालतो.

माणशी रोज पाच लिटर पाणी, शिवाय गाडी बंद पडली तर दोन दिवस पुरेल इतका वेगळा साठा. विमानतळावर स्थानिक सिम घ्या, पण शहराबाहेर रेंजची आशा धरू नका. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या आणि छापील नकाशाही जवळ असू द्या. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबायचं. चालत मदत शोधायला निघालेला माणूस सापडणं गाडी सापडण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

आखणी

दोन आठवडे असतील तर विंडहूकहून आधी दक्षिणेला उतरा. कीटमनशूपपर्यंत सुमारे पाचशे किलोमीटर डांबरी रस्ता आहे. मधे मारिएंटालला मुक्काम करून अंतर दोन दिवसांत तोडा, तेवढ्यात गाडीचीही ओळख होते. तिथून फिश रिव्हर, मग सोसुसव्लायच्या वाळूच्या टेकड्यांचं प्रवेशद्वार असलेलं सेस्रिएम, स्वाकोपमुंड, श्पिट्सकोप आणि परत. फिश रिव्हरचा ट्रेक करायचा नसेल तर दक्षिण सोडून सरळ सेस्रिएमला जा आणि वाचलेले दिवस उत्तरेत एटोशाला द्या. कुनोतले पहिले आठ चित्ते सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातूनच आले. त्यांचे भाऊबंद एटोशात दिसले तर नशीब, पण तिथल्या पाणवठ्यांवर हत्ती, जिराफ, झेब्रे पाहणं हेही कमी नाही. दहा दिवसांत दक्षिण, किनारा आणि एटोशा सगळंच कोंबणाऱ्यांना आठवतो तो फक्त विंडस्क्रीन.

सोसुसव्लाय: बिग डॅडी चढताना

मुक्काम सेस्रिएमच्या दाराच्या आत मिळवा, मग तो सरकारी कॅम्पसाइटवर का असेना. बाहेरचं दार सूर्योदयाला उघडतं. आत राहणाऱ्यांना तासभर आधी सोडतात. या एका तासासाठी महिनोन्‌महिने आधी बुकिंग करावं लागतं आणि ते करण्यासारखं आहे. थंड वाळूवर चढणं आणि तापलेल्या वाळूवर चढणं हे दोन वेगळे खेळ आहेत.

दारापासून साठेक किलोमीटर डांबरी रस्ता वाळूच्या टेकड्यांमधून जातो. वाटेत ४५ व्या किलोमीटरला 'ड्यून ४५' लागते, तिथे झुंबड असते. तुम्ही पुढे चला. डांबर संपतं तिथून शेवटचे पाचेक किलोमीटर मऊ वाळू. फोर बाय फोर नसेल तर शटल घ्या. असेल तर सुरुवातीलाच थांबून हवा एक बारपर्यंत कमी करा, फोर बाय फोर लावा आणि एका लयीत, गिअर न बदलता चला. मधेच थांबायची वेळ आली तर उतारावर किंवा कडक जमिनीवर थांबा. रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाकं फक्त खोल जातात. उतरा, चाकांपुढची वाळू हातांनी काढा, हवा आणखी थोडी सोडा, आपल्याच चाकोरीतून मागे या.

बिग डॅडी ही वाळूची टेकडी साधारण सव्वातीनशे मीटर उंच आहे. आकडा ऐकून सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हसू येईल, पण वाळूत प्रत्येक पावलामागे अर्धं पाऊल परत घसरतं. धारेवरूनच चढा आणि पुढच्याच्या पावलांच्या ठशांत पाऊल ठेवा, तिथे वाळू दाबली गेलेली असते. दीड तास धरा. बूट बंद हवेत. माणशी दीड-दोन लिटर पाणी, वाऱ्यात डोळे झाकायला गॉगल, कॅमेऱ्याला पिशवी. उतरायचं मात्र धारेवरून नाही. माथ्यावरून सरळ डेडव्लाय या सुकलेल्या तळ्याच्या पांढऱ्या तळात टाचा रोवत धावत यायचं. चढायला लागलेला वेळ विसरायला होतो.

डेडव्लायमधली काळी झाडं सहा-सातशे वर्षांपूर्वी मेलेली आहेत. हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत. त्यांना टेकून, फांदीला लटकून फोटो काढू नका. उन्हं चढायच्या आत पार्किंगला परता.

स्वाकोपमुंड: वाळू, आकाश, समुद्र

सँडबोर्डिंगचे दोन प्रकार. उभ्याने करायचं ते स्नोबोर्डवर, बूट घट्ट बांधून. नवशिक्याचा अर्धा दिवस पडण्यात जातो. पालथं पडून करायचं ते हार्डबोर्डच्या पातळ, मेण लावलेल्या फळीवर, डोकं पुढे करून. हा प्रकार पहिल्याच प्रयत्नात जमतो आणि वेग ताशी सत्तर-ऐंशीपर्यंत जातो. फळीचा पुढचा काठ दोन्ही हातांनी धरून वर उचलायचा, नाहीतर तो वाळूत रुततो आणि तुम्ही फळीशिवाय पुढे जाता. कोपरं वर, छाती फळीवर, पाय मागे किंचित फाकवलेले. वेग नको वाटला की बुटांची टोकं वाळूत टेकवायची. दोन्ही सारखी टेकवा, एकच टेकलं की गिरकी बसते. तोंड मिटलेलं ठेवा, किंचाळण्याची किंमत दातांत करकरते. लिफ्ट वगैरे काही नाही, फळी घेऊन दर वेळी चालत वर चढायचं. संध्याकाळी मांड्या बोलतात.

क्वाड बाइक घ्यायची तर वाटाड्याच्या मागेच राहा. किनाऱ्यालगतचा भाग डोरोब राष्ट्रीय उद्यानात येतो आणि खडकाळ माळावर गाडी घालायला मनाई आहे. तिथे दगडांवर दगडफूल वाढतं आणि चाकाची खूण पुढे अनेक दशकं पुसली जात नाही.

टँडम स्कायडायव्हिंग साधारण दहा हजार फुटांवरून, त्यात अर्ध्या मिनिटाचं मुक्त पडणं. सकाळच्या धुक्यामुळे वेळ पुढे ढकलली जाते, म्हणून त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका आणि वजनाची मर्यादा आधी विचारा. वॉल्व्हिस बेच्या पेलिकन पॉइंटला सील माशांच्या गराड्यात कयाक चालवता येते. खरं तर सील हे मासे नव्हेत, पण आपल्याकडे तसंच म्हणतात. थंड पाणी, उत्साही पिल्लं, आणि मुलांना हे सगळ्यात आवडतं.

सँडविच हार्बरला वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात. तिथे स्वतःची गाडी नेऊ नका. भरती आली की टेकडी आणि लाट यांच्यातला रस्ताच नाहीसा होतो. स्थानिक चालकाला भरती-ओहोटीचं गणित पाठ असतं.

श्पिट्सकोप आणि ब्रांडबर्ग

श्पिट्सकोप हा १,७२८ मीटरचा ग्रॅनाइटचा सुळका. माथा गाठायला दोर, साहित्य आणि प्रस्तरारोहणाचा खरा अनुभव लागतो. बाकीच्यांनी पायथ्याच्या खडकांवर फिरावं, दगडी कमानीत बसावं, साखळी धरून बुशमन्स पॅराडाइजपर्यंत जावं. ब्रांडबर्गवरचा कोनिगश्टाइन (२,५७३ मीटर) हा देशातला सर्वोच्च माथा. वाटाड्या, तीनेक दिवस आणि पाठीवर भरपूर पाणी, एवढं जमत असेल तरच विचार करा.

फिश रिव्हर कॅन्यन

ही दरी सुमारे १६० किलोमीटर लांब, काही ठिकाणी २७ किलोमीटर रुंद आणि साडेपाचशे मीटर खोल आहे. ट्रेक होबासहून ऐ-ऐसपर्यंत, साधारण ८५ किलोमीटरचा, चार ते पाच दिवसांचा. उघडा असतो १ मे ते १५ सप्टेंबर. परवाना सरकारी नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्सकडून घ्यावा लागतो. गटात किमान तिघे, वय बारा पूर्ण, दिवसाला मोजक्याच लोकांना प्रवेश. डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र चाळीस दिवसांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणजे ते भारतातून निघण्याआधी, पण फार आधी नाही, असं जुळवायचं. एका दिवसात खाली उतरून वर येण्याला परवानगी नाही.

उतरण पहिल्याच तासात आहे. सुरुवातीला साखळ्या, मग सुटे दगड. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट उतरलेल्याला उतार नवा नाही, नवं आहे ते पाच दिवसांचं शिधासामान पाठीवर घेऊन उतरणं. गुडघ्यासाठी काठ्या घ्या. पहिले पंधराएक किलोमीटर मोठे धोंडे आणि खोल वाळू, वेग ताशी दोन किलोमीटरही पडत नाही. याच टप्प्यात हिंमत खचते. पाम स्प्रिंग्जला गंधकाचं कढत पाणी, सुमारे ५७ अंशांचं, नदीत मिसळतं. तिथे पाय शेकून घ्या. त्यापुढे दरी रुंदावते, चाल सपाट होते.

तंबू नेला नाही तरी चालतं. वाळूवर मॅट आणि उबदार स्लीपिंग बॅग पुरते. झोपण्याआधी आणि सकाळी बूट झटका, विंचू असतात. पाणी नदीतलं, पण गाळून आणि गोळ्या टाकून किंवा उकळूनच. निघण्याआधी होबासला नदीत पाणी किती आहे ते विचारा. बबून अन्नाच्या पिशव्या पळवतात, तेव्हा पिशवी उशाशी. बाहेर पडायच्या वाटा मधे दोनच आहेत, दोन्ही खड्या चढाच्या, आणि फोन लागत नाही. त्यामुळे गटातला सगळ्यात हळू चालणारा ठरवेल तोच वेग.

शाकाहारींना इथे अडचण नाही. थेपले पहिले दोन दिवस, पुढे भाजलेल्या रव्याच्या उपम्याचं घरचं मिश्रण, सातूचं पीठ, दाण्याची चटणी, गूळ, खजूर. गाडीच्या प्रवासात विंडहूक आणि स्वाकोपमुंडच्या सुपरमार्केटात तांदूळ, डाळी, भाज्या, दही सगळं मिळतं, तेव्हा भारतातून फक्त मसाले न्या. आणखी एक सोयीची गोष्ट: तिथल्या भिंतीत आपल्या गिझरला असतो तसल्या जाड तीन पिनांचं सॉकेट असतं. घरातली सोळा अँपिअरची एक पिन आणि एक्स्टेंशन बोर्ड नेला की सगळ्यांचे फोन, कॅमेरे चार्ज होतात.

ऐ-ऐसला पोहोचल्यावर गाडी होबासला असते. परतीच्या शटलची जागा ट्रेक सुरू करण्याआधीच पक्की करा आणि शटलच्या दिवशी पुढचा लांबचा टप्पा ठेवू नका.

गाडी परत करायच्या आदल्या दिवशी विंडहूकमध्येच मुक्काम असू द्या. विमानतळ शहरापासून चाळीसहून जास्त किलोमीटर दूर आहे. शहरात उभ्या गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, काच फोडून चोऱ्या होतात. गाडी देताना टायर आणि काच पुन्हा एकत्र तपासून सहीचा कागद घ्या, अनामत सुटल्याचा मेसेज येईपर्यंत व्हिडिओ पुसू नका. उरलेले नामिबियन डॉलर तिथेच संपवा, मुंबईत ते कुणी बदलून देत नाही.